दुष्काळाची शिदोरी : भुईमुगाची साठवण

शास्त्रपाठ : उत्पत्ती ४१:३३-३६, निर्गम १६:१९-२०, लूक १२:१६-२१, मलाखी १:८.

मिसर देशात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा नगरोनगरी साठविला, हे आपण जाणतोच. परंतु रानात इस्राएल लोकांनी उद्यासाठी ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले, आणि मोठी कोठारे बांधू पाहणारा धनवान मूर्ख ठरला. मग ख्रिस्ती कुटुंबाने साठवण करावी की नाही? आमचे उत्तर असे : योसेफाने इतरांसाठी साठविले, धनवानाने केवळ आपणासाठी. भेद कोठारात नव्हे, अंतःकरणात आहे.

आपल्या मराठवाड्यास हा धडा नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून व सुकडी खाऊन दिवस काढले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची घरे कोसळली, तेव्हा माणसांबरोबर घरातले धान्यही ढिगाऱ्याखाली गेले. २०१६ साली लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. यास्तव सर्व शिदोरी एकाच भिंतीआड ठेवू नये, आणि अन्नाबरोबर पिण्याचे पाणीही राखावे.

ज्वारी व डाळ यांच्या जोडीला भुईमूग उत्तम. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात, शिवाय सरपण नसले तरी ते खाता येतात. माणशी रोज तीस ग्रॅम, म्हणजे लहानशी मूठभर, धरल्यास पाच माणसांच्या घरास तीन महिन्यांना साडेतेरा किलो दाणे लागतात. त्यासाठी सुमारे वीस किलो शेंगा ठेवाव्यात. लहान लेकरांस मात्र अख्खे दाणे देऊ नयेत, ते घशात अडकतात; कूट करून द्यावे.

आता साठवणीची रीत ऐका. शेंगा उपटल्यावर ताडपत्रीवर पातळ पसरून उन्हात वाळवाव्यात आणि दव पडण्यापूर्वी झाकाव्यात. शेंग हालविली असता दाणा खुळखुळला, चोळताच टरफल सुटले आणि दाणा कटकन मोडला, म्हणजे वाळवण पुरे झाली. फुटक्या, सुरकुतलेल्या व किडक्या शेंगा निवडून काढाव्यात. पोती कोरडी व स्वच्छ असावीत. ती फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर रचावीत. खताच्या व औषधाच्या पोत्यांशेजारी कदापि ठेवू नयेत. शेंग हे देवाने दिलेले वेष्टन होय. त्यात दाणा वर्षभराच्या आसपास टिकतो, सोललेला त्याहून फार कमी. म्हणून लागतील तेवढेच सोलावे.

भाजलेल्या दाण्यांचे लोणी, ज्याला आज बाजारात पीनट बटर म्हणतात, तेही शिदोरीस योग्य आहे. १९९६ च्या सुमारास फ्रान्समध्ये आंद्रे ब्रियाँ यांनी दाण्यांचा गोळा, दुधाची भुकटी, साखर व तेल यांपासून कुपोषित बालकांसाठी असे अन्न सिद्ध केले की, बंद पाकिटात ते दोन वर्षे टिकते. घरच्या लोण्यास मात्र इतके आयुष्य नसते. त्यात पाण्याचा अंश फारच थोडा असल्याने ते लवकर कुजत नाही, परंतु हवा, ऊन व उजेड यांनी त्यातले तेल खवट होते. म्हणून ते थोडे थोडे करावे, कोरड्या बरणीत घट्ट झाकून थंड जागी ठेवावे, कोरड्या चमच्याने घ्यावे व महिनाभरात संपवावे. विकतच्या बरणीवरील तारीख पाहावी. झाकणावर दिवस लिहावा. जुने आधी खावे, नवे मागून.

सर्वांत मोठा धोका बुरशीचा. १९६० साली इंग्लंडात लाखाहून अधिक टर्की पक्षी बुरशी लागलेल्या भुईमुगाची पेंड खाऊन मेले. त्यातून ॲफ्लाटॉक्सिन नावाच्या विषाचा शोध लागला. ते भाजल्याने पुरते जात नाही आणि मनुष्याच्या यकृतास घातक आहे. जनावरास बुरशीची पेंड घातली, तर ते दुधात उतरते. म्हणून काळे, हिरवट वा कडू लागणारे दाणे खाऊ नयेत, घाण्याला पाठवू नयेत, गुरांना घालू नयेत, खड्ड्यात पुरावेत.

येथे आम्ही आमचा अपराध सांगतो. एका कापणीच्या सणाला अर्पणात आलेले शेंगांचे पोते आम्ही न उघडताच एका विधवा भगिनीच्या घरी पोहोचविले. वर चांगल्या शेंगा होत्या, खाली बुरशी. तिने तक्रार केली नाही; निवडून ओंजळभर काय ते ठेवले. ते पाहून मलाखीने दोष दिलेले आंधळे व लंगडे पशू आम्हांस आठवले. तेव्हापासून प्रत्येक पोते तळापर्यंत पाहिल्यावाचून आम्ही कोणास देत नाही.

तात्पर्य, जे आपल्या लेकराच्या ताटात वाढणार नाही, ते देवाच्या वेदीवर व गरिबाच्या पदरी घालू नये. उपदेशक बंधूंनी हा पाठ मंडळीत शिकवून पुढील प्रश्न विचारावेत :

१. योसेफाच्या व धनवानाच्या साठवणीत कोणता भेद होता?
२. आपल्या घरची शेंगांची पोती शेवटची कधी तपासली?
३. यंदाच्या साठवणीतला कोणता वाटा शेजाऱ्यासाठी राखला आहे?