इंच उतरव, हवा चढव

मनू, गणपतीला गुहागरला जाताना तुझ्या नव्या सात सीटर गाडीत मागच्या रांगेचा मान मला मिळाला. कुंभार्ली घाट उतरेपर्यंत माझा एकेक मणका आपलं नाव सांगून गेला. गाडी देखणी आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण चाकं एकोणीस इंची, आणि त्यांच्यावर रबर बघावं तर कंजूष घरच्या पोळीवरच्या तुपाएवढं! काल फोनवर विचारलंस ना, "आत्या, लहान चाकं टाकली तर दणके कमी होतील का गं?" होतील. मी टाकली आहेत. पण टाकताना जिथे जिथे चुकता येतं तिथे तिथे चुकले. तू निदान नव्या चुका कर, जुन्या सगळ्या माझ्या नावावर आहेत.

१. चाकांना हात लावण्याआधी हवा मोज, तीही सकाळी, गाडी थंड असताना — ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ किंवा ३५ लिहिलेलं असतं आणि पंपावरच्या पोराने "लांब जाताय ना ताई" म्हणत ४० मारलेली असते. माझे निम्मे दणके या फुकटच्या उपायाने गेले. मी मात्र तोवर रिमांचा ॲडव्हान्स देऊन बसले होते.

२. मऊ वाटतं म्हणून स्टिकरच्या खाली मात्र उतरू नकोस — कमी हवेचा टायर वाकून वाकून तापतो, आणि समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगात तो फुटला तर पाठदुखीची आठवण काढायलाही कोणी उरणार नाही.

३. हवेचा गेज स्वतःचा घे आणि गाडीतच ठेव — दोन पंपांवरच्या यंत्रांचं एकमत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

४. तुझी गाडी नवी आहे, पण लक्षात ठेव: पन्नास-साठ हजार किलोमीटर झालेल्या गाडीचे आधी शॉकअप आणि बुश दाखवून घ्यावेत — गुडघे गेलेल्याला नवी चप्पल घेऊन देण्यात अर्थ नाही.

५. आता टायरच्या कुशीवरचे आकडे वाचायला शीक. तुझ्यावर २५५/५५ आर १९ लिहिलंय — म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर, कुशीची उंची त्याच्या ५५ टक्के, म्हणजे १४० मिलिमीटर, आणि रिम १९ इंचाचं. खड्डा आणि तुझी पाठ यांच्यामध्ये पहिली मध्यस्थी करतात ते हे १४० मिलिमीटर.

६. रिम एक इंचाने उतरवलंस की मधला आकडा पाचाने चढव, रुंदी तीच ठेव — २५५/६० आर १८ ला कूस १५३ मिलिमीटर होते, २५५/६५ आर १७ ला १६६, आणि तिन्ही चाकांचा बाहेरचा व्यास मात्र ७६३ मिलिमीटरच राहतो. चाक तेवढंच, आतला धातू गेला, हवा आली.

हा हिशोब मी वहीत तीनदा मांडला, कारण पहिल्यांदा विश्वासच बसेना. मग बघितलं तर कंपन्याही तेच करतात. फॉर्च्युनरला १७ इंची रिमवर २६५/६५ आणि १८ इंचीवर २६५/६०. एक्सयूव्ही ७०० ला २३५/६५ आर १७ आणि २३५/६० आर १८. महागाला मोठं रिम, स्वस्ताला लहान. जास्त पैसे मोजणाऱ्याला जास्त दणके, ही गंमत मला अजून पचलेली नाही. अगं, १८८७-८८ च्या सुमारास बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने, तो मुळात जनावरांचा डॉक्टर, हवेचा टायर केला तो पोराच्या तीनचाकीचे हादरे कमी व्हावेत म्हणून. आणि आपण हवा कमी करत करत पुन्हा बैलगाडीच्या धावेकडे निघालोय. शोरूममध्ये चाक दिसतं, खड्ड्यात कळतं.

७. व्यासात तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडू देऊ नकोस, जमलं तर अजिबात नको — चाक लहान झालं की काटा खोटा चढा वेग दाखवतो आणि गाडी जमिनीला टेकते. मोठं झालं की काटा कमी दाखवतो आणि खरा वेग फक्त कॅमेऱ्याला कळतो.

८. एक इंचात भागत असेल तर दुसऱ्याचा मोह धरू नकोस — मोठ्या गाडीच्या पुढच्या ब्रेकची डिस्क नि कॅलिपर भरपूर जागा खातात, आणि रिम जितकं लहान तितकी त्यांची अडचण.

९. टायर चढवायच्या आधी नुसतं रिम पुढच्या हबवर बसवून हाताने पूर्ण फेरी फिरव — घासलं तर तेव्हाच कळतं. एकदा टायर चढला की दुकानदाराच्या लेखी तो तुझा माल.

१०. रिमच्या आतून बॅलन्सिंगसाठी चिकटवतात त्या वजनाच्या पट्ट्या कॅलिपरला लागत नाहीत ना, तेही बघ — आंबेनळी घाटात पोलादपूरकडे उतरताना माझ्या गाडीत 'खर्र खर्र' सुरू झालं. ब्रेक गेले समजून मी माहेरचे, सासरचे सगळे देव बोलावले. निघाली बोटाएवढी पट्टी.

११. नटांची संख्या आणि पीसीडी, म्हणजे नटांच्या वर्तुळाचा व्यास, जुळली म्हणजे रिम जुळलं असं नाही, ऑफसेटही विचार, म्हणजे चाक हबवर किती आत-बाहेर बसतं ते — तो चुकला तर चाक मडगार्डबाहेर डोकावतं, नाहीतर आत सस्पेन्शनला घासतं.

१२. रिमचं मधलं भोक हबवर अंगासरशी बसलं पाहिजे, मोठं असेल तर मापाची रिंग घालून घे — नव्वदच्या वर माझं स्टेअरिंग थरथरायचं, मी तीनदा बॅलन्सिंगचे पैसे मोजले आणि दोष होता त्या भोकाचा. भोक ढिलं, तर चाक खुळं.

१३. या सगळ्या कटकटीतून सुटायची सोपी वाट म्हणजे तुझ्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरिएंटची कंपनीची चाकं — ऑफसेट, भोक सगळं जुळलेलं असतं. ब्रेक दोन्ही व्हेरिएंटना एकच आहेत का, एवढं सर्व्हिस सेंटरला विचारलं की झालं. आणि गंमत अशी की मोठ्या चाकांच्या हौसेपायी लोक हीच लहान चाकं नवी कोरी टायरवाल्याकडे टाकून जातात. त्यांची हौस, तुझी सोय.

१४. कंपनीचीच चाकं घेण्याचं दुसरं कारण कायद्याचं: मूळ तपशील बदलणारा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही — कंपनी त्या मॉडेलला स्वतः देते तोच साइज घेतलास की आरटीओत वाद घालायला काही उरत नाही. विमा कंपनीला लेखी कळव आणि पोच जपून ठेव. अपघातानंतर सांगितलेलं खरंही खोटं वाटतं.

१५. साइजच्या पुढे छोट्या अक्षरांत भाराचा आकडा असतो, तो मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नकोस — १०८ म्हणजे एका टायरला १००० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो, आणि तुझ्या गाडीत सात माणसं, त्यांच्या बॅगा आणि तुझ्या सासूबाईंची आंब्याची पेटी बसते.

१६. बाहेरची रिमं घ्यायची झाली तर मागच्या बाजूला ओतीव अक्षरांत भारक्षमता आणि जेडब्ल्यूएलसारखं चाचणीचं चिन्ह आहे का बघ. वेल्डिंग करून रंगवलेलं जुनं अलॉय फुकट दिलं तरी घेऊ नकोस — रंगाखालची भेग घाटातच तोंड उघडते.

१७. टायरवरचे तारखेचे चार आकडे वाच: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा — गोदामात तीन वर्षं पडलेला टायर काळाकुळकुळीत दिसतो, पण आतून वाळलेला असतो, अगदी तुझ्या काकांच्या शेंगदाण्याच्या लाडवासारखा.

१८. जाड गोट्यांचे ऑल टेरेन टायर घेऊ नकोस — ते जड असतात, गुणगुणतात, आणि कुशीने कडक निघाले तर चाक लहान करून मिळवलेला मऊपणा परत घेऊन जातात. तू फार तर शेतावर हुरडा खायला जातेस, सहाऱ्यात नाही.

१९. जुन्या रिमांतले हवेचे सेन्सर नव्यात बसवून घे, नाहीतर नवे घे — ते व्हॉल्व्हपाशी आतल्या बाजूला असतात, आणि विसरलीस तर डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा तुला दिवसरात्र त्याची आठवण देईल.

२०. नवी रिमं म्हणजे नटही तपास — काहींचे नट शंकूच्या तोंडाचे, काहींचे सपाट वॉशरचे; भलता नट आवळल्यासारखा वाटतो, पण बसलेला नसतो.

२१. शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने, समोरासमोरचे नट घेत, ठरलेल्या मापाने करून घे. हवेच्या बंदुकीने नको — आमच्या टायरवाल्याने जोर दाखवला, आणि रात्री दहाला पंक्चर झाल्यावर मी नि तुझे काका आळीपाळीने पान्यावर उभे राहून नाचलो तरी नट हलला नाही.

२२. शंभर किलोमीटरच्या आत तेच नट पुन्हा तपासून घे — नवं रिम बसत बसत जागा घेतं, आणि ढिला नट आधी आवाज देतो, मग चाक देतो.

२३. चारही टायर एकदम, एकाच साइजचे आणि एकाच नक्षीचे घे — दोन जुने, दोन नवे करून वाचवलेले पैसे एबीएस नि फोर बाय फोरच्या डोक्याला ताप देऊन वसूल होतात.

२४. स्टेपनीचा व्यास नव्या चाकांशी जुळतो का बघ, तिच्यात हवा आहे का ते महिन्याला बघ, आणि तिचे नटही वेगळे असतील तर सोबत ठेव — उपाशी स्टेपनी, रात्र घाटाशी.

२५. नव्या साइजला किती हवा, हे त्याच साइजच्या व्हेरिएंटच्या स्टिकरवरून घे आणि कागदावर लिहून खांबावर चिकटव — तुझ्या जुन्या स्टिकरवरचा आकडा आता दुसऱ्या टायरचा आहे, आणि पंपावरचा पोरगा तोच वाचणार.

२६. पहिले दोनतीनशे किलोमीटर सबुरीने चालव — कोऱ्या रबराची पकड लगेच येत नाही, आणि उंच कुशीची सवय तुझ्या हातांनाही व्हायला हवी. स्टेअरिंग जरा आळसावल्यासारखं वाटेल, वळणावर गाडी किंचित झुकेल. ती बिघडलेली नाही. पोट भरलेल्या माणसासारखी निवांत झाली आहे.

२७. चाकं लहान केलीस म्हणजे खड्डे माफ झाले असं समजू नकोस: खड्डा चुकत नसेल तर त्याच्या आधी वेग कमी कर आणि आत शिरताना ब्रेकवरचा पाय काढ — ब्रेक दाबून शिरलं की पुढचं सस्पेन्शन आधीच दबलेलं असतं आणि सगळा मार रिमवर येतो. पावसात साचलेलं पाणी दिसलं तर ते खोल आहे असंच धर.

२८. महिन्यातून एकदा टायरच्या आतल्या कुशीवरून हात फिरव — बाहेरचा फुगा दिसतो, आतला दिसत नाही. आणि कुशीला फुगा आला की त्याला पंक्चर काढून भागत नाही, टायरच बदलावा लागतो.

२९. सोसायटीत कोणीतरी विचारेलच, "चाकं आटली का हो धुतल्यावर?" हसून घे — रिमाभोवती काळं रबर जास्त दिसतं, गाडी थोडी साधी वाटते, हे खरंच आहे. विचारणाऱ्याला एकदा मागच्या रांगेत बसवून वाईपर्यंत फिरवून आण. चकाकी चार दिवस, चणक चार महिने.

३०. जुनी चाकं लगेच विकू नकोस — गाडी विकताना मूळ चाकं सोबत असली की गिऱ्हाईक कुरकुर करत नाही. टायरसकट असतील तर धुऊन, कोरडी करून, सावलीत आडवी एकावर एक रचायची. नुसते टायर असतील तर उभे ठेवायचे.

फ्लॅटमध्ये जागा नसेल तर आमच्या माडीवर आहे. रविवारी चाकं घेऊन ये, सोबत चार पोती आण, आणि जिना चढवायला जावईबापूंनाही आण. पुढच्या गणपतीला मधली रांग माझी.