मेंदूवर घट्ट बसलेले रक्त

मेंदूच्या ड्युरा या जाड आवरणाखाली सावकाश साचणारे रक्त, म्हणजे क्रॉनिक सबड्युरल हेमॅटोमा, बहुधा पातळ असते. कवटीला एक-दोन छिद्रे पाडून ते बाहेर काढले आणि काही काळ नळी ठेवली की बहुतेक रुग्ण सुधारतात. थोड्या रुग्णांत मात्र रक्ताभोवतीचा पापुद्रा जाड होतो, आत तंतूंचे पडदे उभे राहतात आणि गाठ घट्ट होते. वर्षानुवर्षे राहिलेल्या गाठीत कॅल्शियमही साचते; अशा रुग्णांचे प्रमाण ०.३ ते २.७ टक्के सांगितले जाते. जलशीर्षासाठी, म्हणजे मेंदूत साचलेले पाणी वाहून नेण्यासाठी, शंट ही नळी बसवलेल्या मुलांतही अशी गाठ आढळते.

डोकेदुखी, चालताना जाणारा तोल, एका बाजूचा जडपणा, विसरभोळेपणा, फिट ही या आजाराची लक्षणे. म्हाताऱ्या माणसात ही सगळी वयाच्या नावावर खपून जातात. रक्त साचायला कारण ठरलेला, न्हाणीघरात घसरून डोक्याला लागलेला किरकोळ मार कित्येक आठवडे आधीचा असतो आणि कोणाच्या लक्षातही नसतो. तो मार आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दोन्ही डॉक्टरांना आवर्जून सांगावीत.

घट्ट गाठीला छिद्र पाडून काही निघत नाही. त्यामुळे आधीच्या शस्त्रक्रियेने गुण आला नसेल, तर पुन्हा छिद्रच पाडण्यापूर्वी आतल्या पडद्यांसाठी एमआरआय आणि कॅल्शियमसाठी सीटी नीट पाहावे लागते. अशा वेळी क्रेनिओटॉमी करतात. कवटीचा तुकडा बाजूला करून बाहेरचा पापुद्रा कापतात, आतला घट्ट भाग तुकड्या-तुकड्याने काढतात. खरी कसोटी आतल्या पापुद्र्याची. तो मेंदूला चिकटलेला असतो. ओढून सोलला तर रक्तस्राव, फिट किंवा लकवा ओढवतो, तसाच ठेवला तर दबलेला मेंदू फुलत नाही. म्हणून सहज सुटेल तेवढाच काढणे आणि चिकटलेला भाग सोडून देणे शहाणपणाचे. मेंदू फुलला नाही तर मोकळ्या जागेत पुन्हा रक्त साचू शकते, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे स्कॅन टाळू नये.

लक्षणे नसलेल्या वृद्धाच्या स्कॅनमध्ये अशी जुनी कडक गाठ योगायोगाने दिसली, तर सहसा नुसते लक्ष ठेवतात. शस्त्रक्रियेसाठी कुटुंबाने हट्ट धरू नये.

रक्त पुन्हा साचू नये म्हणून आता ड्युराला रक्त पुरवणारी मधली मेनिंजियल धमनी बंद करण्याचाही उपाय आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्बोलाइज चाचणीत शस्त्रक्रियेला त्याची जोड दिलेल्यांपैकी ४.१ टक्के रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ आली. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ११.३ टक्के होते. मेंदूवर दाब देणारी टणक गाठ मात्र धमनी बंद केल्याने लगेच हटत नाही. ती काढायला कवटी उघडावीच लागते.