प्रशिक्षकाची निवड : एक विचार

कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षक निवडताना त्याच्या वक्तृत्वापेक्षा त्याची शिकविण्याची रीत पाहावी. हृदयक्रिया थांबलेल्या प्रौढ रुग्णाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावी लागते. हे कौशल्य केवळ व्याख्यानाने हाती येत नाही आणि सरावाअभावी काही महिन्यांतच उणावते. म्हणून निवडीपूर्वी तीन प्रश्न विचारावेत : प्रशिक्षकाने स्वतः रुग्णांमध्ये काम केले आहे काय? प्रत्येक कर्मचाऱ्याकडून तो पुतळ्यावर सराव करून घेतो काय? काही महिन्यांनी पुन्हा येऊन चाचणी घेतो काय? प्रशिक्षणासाठी दिलेल्या देणगीचे सार्थक रात्रपाळीत रुग्णाजवळ प्रथम पोहोचणाऱ्या हातांत होते. मग ते हात परिचारिकेचे असोत वा वॉर्डबॉयचे.