जुन्या इंजिनांचा छंद आणि संध्याकाळची डोकेदुखी

निवृत्तीनंतर वेळ कसा घालवावा, हा प्रश्न पुण्यातील काही मंडळींना कधीच पडत नाही. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून किंवा खडकी-देहूरोडच्या संरक्षण खात्याच्या कारखान्यांतून तीस-पस्तीस वर्षे यंत्रावर हात चालवून बाहेर पडलेला माणूस घरी नुसता बसून राहू शकत नाही. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एखादी चक्कर होते. कुणाच्या तरी वाड्यात धूळ खात पडलेल्या चेतकची किंवा लूनाची बातमी कळते. ती घरी येते, नाना पेठेतून सुटे भाग आणले जातात, आणि दोन-तीन महिने पार्किंगच्या कोपऱ्यात खटपट चालते. गाडी सुरू झाली की ती विकायची आणि पुढची आणायची. काही जण गाड्यांऐवजी बंगल्यांच्या बागेतली गवत कापण्याची जुनी यंत्रे घेतात. हिशेब मांडला तर नफा बेताचाच असतो, पण हिशेब मांडण्यासाठी हे कुणी करत नाही.

आरोग्याच्या दृष्टीने हा छंद चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. नोकरी संपल्यावर माणसाच्या दिवसाला आकार उरत नाही. झोप बिघडते, चिडचिड वाढते, घरातल्यांच्या प्रत्येक गोष्टीत लक्ष घातले जाते. कार्बोरेटर उघडून बसलेल्या माणसाला या गोष्टींना सवड नसते. बोटांना बारीक काम मिळते, डोक्याला कोडे मिळते, आणि शेजारचे चार जण येऊन "काय बिघडलंय?" असे विचारतात, त्यामुळे गप्पाही होतात. तेव्हा घरातील मंडळींनी "हा पसारा बंद करा" असे म्हणण्यापूर्वी थोडा विचार करावा. पसारा राहू द्यावा. त्यातला धूर, धूळ आणि बाटल्या यांचा बंदोबस्त मात्र करावा. आजचा लेख त्यासाठीच आहे.

चेतकचे उत्पादन १९७२ साली सुरू झाले. लूनाही त्याच वर्षी रस्त्यावर आली. छंदिष्टांच्या हाती येणाऱ्या या जुन्या गाड्या बहुतेक टू-स्ट्रोक इंजिनाच्या असतात, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑईल मिसळून जाळणाऱ्या. पेट्रोल पंपावर हाताने दांडा फिरवून ऑईल घालणारा माणूस अनेकांना आठवत असेल. या इंजिनात इंधन पुरते जळत नाही. वंगण जळून निळसर धूर होतो, आणि त्याबरोबर न दिसणारा कार्बन मोनॉक्साईड वायू बाहेर पडतो. बिघडलेल्या, कार्बोरेटर नीट न बसवलेल्या इंजिनात त्याचे प्रमाण आणखी वाढते. दुरुस्तीला आलेले इंजिन बिघडलेलेच असते, हे लक्षात घ्यावे.

या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो डोळ्यांत चुरचुरतही नाही. डोळे झोंबतात ते धुरामुळे. म्हणून धूर ओसरला की हवा शुद्ध झाली असे माणसाला वाटते, आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साईड याच हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि सहजासहजी सोडत नाही. मोकळ्या हवेत आल्यावरही रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास साधारण चार ते पाच तास लागतात. मास्कमधून शुद्ध प्राणवायू दिला तर हेच काम सुमारे सव्वा ते दीड तासात होते.

आता नेहमीचे चित्र पाहू. पावसाळ्याचे दिवस आहेत, म्हणून शटर अर्धे ओढले आहे. इंजिन सुरू झाले, पण एका लयीत चालत नाही. हवेचा स्क्रू थोडा फिरवायचा, ऐकायचे, पुन्हा फिरवायचे, असे करण्यात अर्धा तास जातो. रात्री डोके जड होते, मळमळते, पायांत त्राण वाटत नाही. घरात निदान ठरलेले असते: "पित्त झाले आहे. दुपारी वेळेवर जेवला नाहीत." मग आले-लिंबाचा रस आणि एक गोळी. ज्याला खरोखर पित्ताचा त्रास आहे, त्याला तर शंकाही येत नाही. दुसऱ्या दिवशी बरे वाटते, कारण रात्रभरात वायू हळूहळू निघून गेलेला असतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

साठीच्या माणसाच्या बाबतीत हे साधे नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या असतील, तर प्राणवायूची ही तूट हृदयाला सोसत नाही. छातीत दुखू लागते, ठोके अनियमित होतात. प्रमाण वाढले तर माणूस गोंधळतो, बोलणे अडखळते, आणि दार दोन पावलांवर असूनही तो तिथपर्यंत पोचू शकत नाही. बंद जागेत चालू इंजिनाजवळ मृत्यू ओढवायला काही मिनिटेही पुरतात.

२०२० नंतर आणखी एक फसगत वाढली आहे. कोविडच्या साथीत घरोघर बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले, आणि आता कुणालाही बरे वाटेनासे झाले की ते प्रथम हुडकले जाते. एरवी हे उपकरण उपयोगी आहे. मात्र प्राणवायू चिकटलेले हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साईड चिकटलेले हिमोग्लोबिन यांतला फरक या साध्या उपकरणाला कळत नाही. त्याच्या प्रकाशाला दोन्ही जवळपास सारखीच दिसतात. त्यामुळे माणूस विषबाधेने गुंगत असतानाही पडद्यावर ९७ किंवा ९८ असा समाधानकारक आकडा दिसू शकतो. तो पाहून "ऑक्सिजन तर ठीक आहे, झोपा आता" असे म्हणणे धोक्याचे आहे. हा दोष उपकरणाच्या बिघाडाचा नव्हे, ते चालते त्या पद्धतीचाच आहे.

मग ओळखायचे कसे? तीन प्रश्न विचारावेत. डोकेदुखी इंजिन चालवल्याच्या दिवशीच होते का? मोकळ्या हवेत आल्यावर कमी होते का? त्याच जागी असलेल्या दुसऱ्या कुणालाही तसेच होते का? एकाचेही उत्तर होकारार्थी असेल तर पित्ताला दोष देणे थांबवावे. जवळ कुणी भोवळ येऊन पडले तर आधी शटर पूर्ण उघडावे, हात पोचत असेल तर इंजिन बंद करावे आणि त्या व्यक्तीला ओढून बाहेर आणावे. आत वायू कोंडलेला असेल तर आपणही श्वास रोखून आत थांबण्याचे धाडस करू नये. नंतर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयात पोचल्यावर "बंद जागेत इंजिन चालू होते" हे वाक्य न विसरता सांगावे. ते ऐकले की डॉक्टर रक्तातील कार्बॉक्सीहिमोग्लोबिन तपासतात आणि लगेच प्राणवायू सुरू करतात. हे वाक्य राहून गेले, तर उपचार भलत्याच दिशेने जाण्याचा संभव असतो.

यावरचा उपाय फुकटचा आहे. पान्याचे काम कुठेही करावे, परंतु इंजिन सुरू करायचे ते उघड्यावर, धुराचे तोंड घराच्या खिडक्यांपासून दूर ठेवून. शटर अर्धे उघडे ठेवणे किंवा पंखा लावणे पुरेसे नाही. पंखा तोच वायू पुन्हा आपल्याकडे ढकलतो. वाड्याच्या बोळात किंवा इमारतीच्या तळघरातील पार्किंगमध्येही इंजिन चालवत बसू नये. वरच्या मजल्यावर तान्हे मूल किंवा दिवस गेलेली स्त्री असेल, तर पोटातल्या बाळापर्यंतही हा वायू पोचतो.

धुराबद्दल एवढे लिहावे लागले, कारण त्याची शंका कुणाला येत नाही. आता धुळीकडे वळू. जुन्या ब्रेक-शूंच्या आणि क्लच-प्लेटच्या अस्तरात ॲसबेस्टॉस वापरले जात असे. ब्रेकचा ड्रम उघडला की आत काळपट भुकटी साचलेली दिसते. ती फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची सवय बहुतेकांना असते. ॲसबेस्टॉसचे तंतू फुफ्फुसात रुतून बसतात, आणि त्यांतून होणारा कर्करोग वीस ते चाळीस वर्षांनी डोके वर काढतो. "मी आता सत्तरीचा, मला काय होणार?" असे कुणी म्हणेल. ते खरे मानले, तरी शेजारी पाना धरून उभा असलेला नातू दहा वर्षांचा आहे. भुकटी उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे आणि ड्रम साबणाच्या पाण्याने ओला करूनच स्वच्छ करावा. कोविडच्या वेळचे उरलेले मास्क येथे भरवशाचे नाहीत, आणि कार्बन मोनॉक्साईड तर त्यांतून आरपार जातो.

पेट्रोलने हात धुण्याची पद्धत सोडावी. त्वचेचा नैसर्गिक तेलकटपणा जाऊन भेगा पडतात, आणि पेट्रोलमधील बेंझीन हे रक्ताच्या कर्करोगाशी संबंध सिद्ध झालेले द्रव्य आहे. आधी हाताला खोबरेल तेल चोळावे, कागदाने पुसावे, मग साबण. वापरलेले काळे ऑईलही त्वचेला घातक असते. त्यात भिजलेले फडके पँटच्या खिशात कोंबण्याची मेकॅनिक मंडळींची लकब दिसायला रुबाबदार असते, पण दिवसभर तो बोळा मांडीला घासत राहतो.

तोंडाने नळी ओढून टाकीतले पेट्रोल काढणे तर सर्वांत वाईट. घोटभर पेट्रोल श्वासनलिकेत गेले तर फुफ्फुसाला रासायनिक सूज येते आणि काही तासांत दम लागतो. असे झाल्यास मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये. उलटीबरोबर तेच पेट्रोल पुन्हा श्वासमार्गात जाते. सरळ रुग्णालय गाठावे.

याच संदर्भात बाटल्यांचे सांगायचे आहे. पेट्रोल, रॉकेल किंवा ऑईल पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत ठेवू नये. रंगीत द्रव भरलेली ओळखीची बाटली दिसली की तहानलेले मूल ती तोंडाला लावते. चिठ्ठी चिकटवून उपयोग नाही, कारण तीन वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही. घट्ट झाकणाचा धातूचा डबा घ्यावा आणि तो कुलपात ठेवावा. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरवरच्या गीझरपर्यंत किंवा विजेच्या मीटरपर्यंत पोचून पेट घेऊ शकते. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांचे मूळचे रबर त्याने खराब होते, म्हणून गाडी हाती आली की पेट्रोलची नळी आणि वायसर आधी बदलावेत.

गवत कापण्याच्या यंत्रांबद्दल थोडक्यात. १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग याने कापडगिरणीतील लव कातरणाऱ्या यंत्रावरून ही कल्पना उचलली. तेव्हा हे यंत्र मुळात कात्रीच आहे. ढकलायच्या यंत्रात एक पाते हाताने फिरवले की दुसरे आपोआप बोटाकडे येते. इंजिनाच्या यंत्रात पात्याला हात लावण्यापूर्वी प्लगची वायर काढून बाजूला ठेवावी, कारण पाते फिरवताना इंजिन अचानक पेटू शकते. बोट तुटलेच तर तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बर्फाचा थेट स्पर्श होऊ देऊ नये. गंजलेल्या पत्र्याने कापणे हे तर रोजचेच, म्हणून धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते आठवून पाहावे. दहा वर्षे उलटून गेली असतील तर नवे घ्यावे.

चेतक एका कुशीवर कलंडवून मग किक मारण्याचा प्रकार पुणेकरांना सांगायला नको. शंभर किलोच्या आसपासची ही गाडी कलंडवताना कमरेत लचक भरते, आणि उलटा झटका देणारी किक गुडघा दुखावते. हर्नियाचे किंवा गुडघ्याचे दुखणे असणाऱ्यांनी हे काम तरुण शेजाऱ्यावर सोपवावे आणि आपण स्क्रू फिरवावा. जमिनीवर उकिडवे बसण्यापेक्षा बुटके स्टूल घ्यावे. सायलेन्सर काढून इंजिन चालवू नये. कानांत सूं सूं आवाज राहू लागला तर तो सहसा जात नाही.

शेवटी विक्रीविषयी. गाडी ज्याच्या हाती जाणार तो बहुधा कॉलेजचा मुलगा किंवा गाडी जपणारा हौशी असतो. इंजिन गुळगुळीत चालते म्हणून व्यवहार घाईने उरकू नये. ब्रेकचे अस्तर, केबल आणि टायर नवे घालूनच गाडी द्यावी आणि तो खर्च किमतीत धरावा. पीयूसी चाचणी विकण्यापूर्वी स्वतः करून घ्यावी. त्या यंत्रावर कार्बन मोनॉक्साईडचा आकडा मिळतो, आणि इतके दिवस आपण नेमके काय हुंगत होतो, तेही त्या कागदावर छापून येते.