सारखी गोळी, सारखा नेम

जुन्नर-आंबेगावच्या शिवारात बाजरी दाण्यात आली, की राखणदार गोफण घेऊन माळ्यावर चढे. जाणता राखणदार खडे निवडून घेई: सारखे गोल, सारख्या वजनाचे. का बरे?

नेमबाजही हेच करतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मि.मी. व्यासाचे असते.

आता हिशेब करू. गोळीचा वेग सेकंदाला ३३० मीटर धरा. हवेचा विरोध तूर्त सोडून द्या. ५० मीटर जाण्यास ०.१५ सेकंद लागतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणामुळे गोळी सुमारे ११ सें.मी. खाली येते. त्याची चिंता नको. नळी तेवढी वर रोखली की झाले. चूक नेहमी सारखीच असेल, तर ती सुधारता येते.

खरी अडचण निराळी आहे. दारू तेवढीच, पण गोळी किंचित जड असेल, तर वेग घटतो. वेग १ टक्क्याने घटला, तर गोळी आणखी सव्वादोन मि.मी. खाली लागते; आणि अशी गोळी कोणती, हे आधी कळत नाही! म्हणून नेमबाज कारखान्याच्या निरनिराळ्या खेपांतील गोळ्या घट्ट बसवलेल्या नळीतून झाडून पाहतात. जिची छिद्रे सर्वांत जवळजवळ पडतात, ती खेप निवडतात.

अंतर दुप्पट केले, तर सव्वादोन मि.मी.चे किती होतील? वेळेचा वर्ग घेऊन वहीत सोडवा. उत्तर ९ मि.मी. आले, तर राखणदाराचे खडे तुम्हांला उमगले!