शिवारफेरी : इनामगांवच्या पांढरीचा धडा

शेतकऱ्याचें आपल्या शेतावर रोजच्या रोज लक्ष असतें. बांध फुटला किंवा विहीर आटली, तर तें त्यास दुसऱ्यानें सांगावें लागत नाहीं. परंतु गांवच्या सबंध शिवारास वर्षांतून एकदां तरी वळसा घालून तें एक म्हणून पाहाणारे किती निघतील? ओढा एकाच्या शेतांतून माती नेतो, दुसऱ्याच्या शेतांत गाळ टाकतो व तिसऱ्याची विहीर भरतो. तेव्हां आपापल्या बांधाच्या आंत राहून शिवाराचें खरें ज्ञान होणें शक्य नाहीं.

इंग्लंडांत नॉटिंगहॅमशायर परगण्यांत लॅक्स्टन नांवाचें एक जुनें शेतकरी गांव आहे. तेथील तीन मोठीं शेतें अद्यापि पट्ट्यांनीं वाटलेलीं आहेत. दर वर्षीं नोव्हेंबरच्या अखेरीस गांवचे पंच गव्हाच्या शेतास फेरी घालतात व हद्दीच्या खुंट्या तपासतात. ज्यानें सामाईक वाटेंत नांगर घातला असेल त्यास पुढें भरणाऱ्या सभेंत दंड होतो. दंडाची रक्कम क्षुल्लक असते. पण सर्वांच्या डोळ्यांसमोर फेरी झाल्यानें आगळीक लपत नाहीं, हा तिचा खरा उपयोग होय.

अशा फेरीसाठीं आमच्या भागांत शिरूर तालुक्यांतील इनामगांवासारखें दुसरें स्थळ नाहीं. घोड नदीच्या उजव्या तीरावरील तेथील पांढरीच्या टेकाडांचें उत्खनन डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत केलें. डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी यांनीं तेथें इ. स. पूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत नांदलेलें शेतकऱ्यांचें गांव उजेडांत आणिलें.

सकाळीं गांवांतून निघून प्रथम नदीचा कांठ धरावा. पाण्याजवळ पण पुराच्या वर अशी जागा वसाहतीस कां निवडली, हें तेथें कळतें. पुढें पांढरी लागते. येथील मुख्य पीक जव होतें. त्याजबरोबर मसूर, वाटाणा व कुळीथ हींहि होतीं. भरभराटीच्या काळीं, म्हणजे इ. स. पूर्वीं १४०० ते १००० या अवधींत, घरें मोठीं व चौकोनी होतीं. गांवच्या मुख्याचें म्हणून मानलेलें घर पांच खोल्यांचें असून त्याच्या शेजारींच धान्याचें कोठार होतें. परंतु शेतकऱ्यानें विशेष ध्यानांत घ्यावी अशी वस्तु म्हणजे वस्तीच्या पश्चिमेस आढळलेला पाट. तो सुमारें ४ मीटर रुंद व साडेतीन मीटर खोल असून त्यास दगडमातीच्या बांधाची जोड होती. एका कुटुंबाच्या हातून असें काम होत नाहीं. सबंध गांवच त्यावर राबला असला पाहिजे.

यापुढें इ. स. पूर्वीं १००० पासून चित्र पालटतें. मोठ्या घरांच्या जागीं लहान गोल झोपड्या येतात, जवाचें पीक घटतें, आणि शेळ्यामेंढ्या व शिकार यांवर भिस्त वाढते. अखेरीस वस्ती उठते. पर्जन्यमान घटून हवा कोरडी झाली, हें त्याचें कारण असावें, असें उत्खनन करणाऱ्यांचें मत आहे. पाट होता, कोठार होतें, पण पाटांत यावयाचें पाणीच आटलें.

पांढरी सोडून काळींत उतरलें म्हणजे हा इतिहास जुना राहात नाहीं. शिरूर व दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेचे. पाऊस सरासरीनें सुमारें ५०० मिलिमीटर. घोड नदीवर चिंचणी येथें धरण झालें, भीमेकांठीं उपसा वाढला व उंसाचीं पिकें उभीं राहिलीं. परंतु तें धरण भरतें सह्याद्रीवरील पावसानें. तो चुकल्या वर्षीं आपणांस आधार उरतो तो आपल्या ओढ्यांत व विहिरींत मुरविलेल्या पाण्याचाच. नदीपासून माळाकडे चढत गेलें म्हणजे काळी पातळ होऊन मुरूम वर येतो. पाणी अडविण्याचें काम तेथून आरंभावयाचें असतें. माळावरून उतरून गांवांत परतलें कीं वळसा पुरा होतो.

प्रत्येक गांवानें अशी फेरी वर्षांतून दोनदां काढावी : एकदां दिवाळीनंतर व एकदां अक्षय्यतृतीयेच्या सुमारास. दोरीस दगड बांधून ठराविक विहिरींच्या पाण्याची खोली मोजावी व वहींत टिपावी. फुटलेले बांध, गाळानें भरलेले नाले व गायरानावरील अतिक्रमण यांची नोंद त्याच दिवशीं करावी. पांच वर्षांच्या अशा वहीवरून उंसाखालीं किती क्षेत्र ठेवणें झेपेल, याचा निर्णय अंदाजावर सोडावा लागणार नाहीं.

शेवटीं पांढरीविषयीं एक विनंति. राख, शेण व हाडें मुरलेली ती माती कसदार असते, म्हणून जुन्या टेकाडांची माती खतासाठीं गाड्या भरून नेण्याची चाल पुष्कळ गांवीं होती. परंतु तिचे थर एकदां मोडले कीं ते पुन्हा लावतां येत नाहींत. शेणखत दर वर्षीं तयार होतें. पांढरी पुन्हा तयार होत नाहीं. इनामगांवची माती जर अशीच शेतोशेतीं पसरली असती, तर पाट बांधणाऱ्या व शेवटीं पाण्यावांचून उठून गेलेल्या त्या शेतकऱ्यांची हकीकत आपणांस कोणीं सांगितली असती? ज्या गांवाच्या शिवारांत असें टेकाड असेल, त्या गांवानें फेरीच्या वहींत त्याचें नांव पहिल्या पानावर लिहावें व त्यास कुदळ लागूं देऊं नये.