माणदेशातील उद्योगशाळा

व्यवस्थापनाचे शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक ठराविक चित्र उभे राहते. शहरातील प्रशस्त इमारत, कठीण प्रवेशपरीक्षा, इंग्रजीतून चालणारी व्याख्याने आणि शेवटी मोठ्या कंपनीतील नोकरी. १९६१ साली कोलकाता आणि अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या, तेव्हा नव्या उद्योगांना प्रशिक्षित माणसांची गरज होती आणि ती गरज या संस्थांनी चांगल्या रीतीने भागवली. परंतु दोन प्रश्न अशा शिक्षणात बराच काळ मागच्या बाकावर बसून राहिले. ज्या पाण्यावर आणि जमिनीवर उद्योग उभा राहतो ती साधने किती काळ पुरतील, हा पहिला. त्यास 'शाश्वतता' म्हणतात. निर्णय घेणाऱ्यांमध्ये समाजाच्या कोणकोणत्या थरांतील माणसे आहेत, हा दुसरा. ही झाली 'विविधता'. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने जबाबदार व्यवस्थापन शिक्षणाची तत्त्वे मांडण्यात आली, आणि जगभरातील अनेक संस्थांनी ती स्वीकारली.

याच सुमारास सातारा जिल्ह्यातील म्हसवड या गावी एक वेगळीच शाळा सुरू झाली होती. तेथे प्रवेशपरीक्षा नव्हती. शिकणाऱ्या स्त्रियांपैकी अनेकींनी शाळेचा उंबरठाही ओलांडलेला नव्हता.

म्हसवड हे माण तालुक्यातील गाव. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर धो धो कोसळणारा पाऊस येथे पोहोचेपर्यंत थकून जातो. वर्षाकाठी ५०० मिलिमीटरही पडेल याची खात्री नसते. ज्वारी, बाजरी, शेळ्या-मेंढ्या आणि मजुरी यांवर येथील संसार चालतात. मुंबईत वाढलेल्या चेतना गाला सिन्हा विवाहानंतर या गावी राहावयास आल्या. रस्त्याकडेला लोहारकाम करणारी एक स्त्री एकदा त्यांच्याकडे आली. पावसाळ्यापूर्वी झोपडीवर घालण्यासाठी प्लास्टिकचा कागद घ्यावयाचा होता आणि त्यासाठी तिला रोज थोडे पैसे साठवावयाचे होते. तिला कर्ज नको होते, केवळ बचत खाते हवे होते. एवढ्या लहान रकमेचे खाते उघडण्यास बँका तयार नव्हत्या. तेव्हा स्त्रियांचीच बँक काढावी, असा विचार पुढे आला.

भारतीय रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि तो नामंजूर झाला. कारण स्पष्ट होते : प्रवर्तक स्त्रियांनी सहीच्या जागी अंगठे उठवले होते. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्या हाती लोकांचा पैसा कसा सोपवावा, ही शंका कायद्याच्या दृष्टीने गैर म्हणता येणार नाही. परंतु गावी परतलेल्या स्त्रियांनी रडत बसण्याऐवजी साक्षरतेचे वर्ग सुरू करावयास लावले. दिवसभराचे काम आटोपून त्या रात्री पाटी घेऊन बसत. काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी एक प्रस्ताव मांडला. आम्हांला लिहिता येत नव्हते, पण हिशेब येतो. कोणत्याही मुद्दलावरचे व्याज आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या अधिकाऱ्यांनीही यंत्राशिवाय ते सांगावे, मग पाहू कोण आधी सांगते! १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेस परवाना मिळाला. प्रारंभी १,३३५ सभासद आणि ७ लाख ८ हजार रुपये एवढे भांडवल होते.

विद्यार्थी मित्रहो, हे तोंडी गणित आपणही करून पाहा. सावकाराचा दर 'महिना शेकडा तीन' असा सांगितला जातो. ऐकावयास तो किती सौम्य वाटतो! ५,००० रुपयांवर महिन्याला १५० रुपये, म्हणजे वर्षाला १,८०० रुपये. हाच दर बँकेच्या भाषेत ३६ टक्के होतो. आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या स्त्रीला हे ज्ञान पुस्तकातून मिळालेले नसते. ते तिने व्याज भरून मिळवलेले असते. अक्षरज्ञान आणि व्यवहारज्ञान या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकीच्या अभावावरून दुसरीचाही अभाव गृहीत धरणे ही सुशिक्षितांची जुनी खोड आहे.

बँक चालू लागल्यावर ध्यानात आले की, केवळ कर्ज पुरेसे नाही. मालाची किंमत कशी ठरवावी, नफा कोणता आणि घरखर्च कोणता, मोठ्या व्यापाऱ्याशी कसे बोलावे, हे शिकण्याची सोय नव्हती. म्हणून २००६ साली ग्रामीण स्त्रियांसाठी उद्योगशाळा निघाली. घर, गुरे आणि मुले सोडून स्त्रिया दूरवर येऊ शकत नाहीत, हे पाहून पुढच्याच वर्षी बसगाडीत वर्ग मांडला गेला आणि शाळाच गावोगाव फिरू लागली. पुढे वर्षभराच्या एका अभ्यासक्रमास 'देशी एमबीए' असे नाव मिळाले. नावात थोडी थट्टा आहे, पण अभ्यासक्रम थट्टेचा नाही. शेळ्यांचे कृत्रिम रेतन करण्याचे प्रशिक्षणही स्त्रियांना देण्यात आले. पुरुषांची मक्तेदारी मानल्या गेलेल्या या कामामुळे गावात त्या 'शेळ्यांच्या डॉक्टर' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

शाश्वततेचा धडा मात्र दुष्काळाने दिला. २०१२ साली पाऊस फिरकला नाही. जनावरांच्या चाऱ्यासाठी अंगावरचा दागिना गहाण ठेवावयास एक स्त्री बँकेत आली. बँकेच्या नियमांत तिची मागणी बसत होती. तारण होते, कर्ज देता आले असते. पण पैसे घेऊन ती जाणार कोठे? विकत घ्यावयास परिसरात चाराच नव्हता. ताळेबंद बिनचूक असूनही व्यवहार पोकळ ठरावा, असा हा प्रसंग होता. अखेर म्हसवड येथे चारा छावणी उभी राहिली. बाहेरगावाहून चारा आणि पाणी आणून हजारो जनावरे सुमारे दीड वर्ष जगवली गेली आणि शेतकरी कुटुंबे जनावरांसह तेथेच राहिली. पुढे ओढ्यांवर बंधारे बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. बँकेने बंधारे का बांधावेत, असे कोणी विचारील. पाणी नसेल तर शेळी नाही, शेळी नसेल तर हप्ता नाही. म्हसवडमध्ये एवढे कारण पुरते.

इकडे देशाच्या कायद्यातही बदल झाला. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री असणे बंधनकारक केले. हे आवश्यकच होते. मात्र अनेक ठिकाणी ती जागा कुटुंबातीलच एखाद्या स्त्रीच्या नावाने भरली गेली. खुर्ची मिळणे आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळणे यांत अंतर असते. जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथील जागतिक आर्थिक मंचाच्या वार्षिक बैठकीच्या सातही सहअध्यक्ष स्त्रिया होत्या. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या तत्कालीन प्रमुख क्रिस्तीन लागार्द आणि नॉर्वेच्या तत्कालीन पंतप्रधान एर्ना सोलबर्ग यांच्या रांगेत म्हसवडच्या चेतना सिन्हा बसल्या होत्या.

स्वाध्याय
(१) परवाना नाकारण्याचे कारण तुम्हांला योग्य वाटते का? दोन्ही बाजू मांडून आपले मत लिहा.
(२) आपल्या परिसरातील हातगाडीवाला, शिंपी किंवा दूधविक्रेता यांच्याशी बोला. ते कर्ज कोठून घेतात, दर कसा सांगितला जातो आणि तो वर्षाला किती टक्के पडतो, याची नोंद करा.